न खाल्लेल्या मिरचीचं नोबेल

1930च्या दशकाची सुरुवात. हंगेरीतलं सेगेद शहर. प्राध्यापकाच्या बायकोने रात्रीच्या पानात ताजी लाल मिरची वाढली. प्राध्यापकांना ती खायची नव्हती. आपल्याकडचे नवरे अशा वेळी ‘आज पोट जरा जड आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांची सबब अंमळ वरच्या दर्जाची निघाली. ही एक भाजी आपण अजून तपासलेलीच नाही, असं त्यांना ऐन पानावर आठवलं आणि ते मिरची उचलून प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळून चुकलं की बायकोने वाढलं होतं ते क जीवनसत्त्वाचं कोठार.

त्याआधी हेच गृहस्थ याच पदार्थासाठी कत्तलखान्यांतून गुरांच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी मिळवत होते. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आले. ढिगाने ग्रंथी घ्यायच्या आणि हाती काय, तर मुठीत मावेल एवढी पूड. मिरचीने काही आठवड्यांत तोच पदार्थ किलोच्या मापाने दिला. 1937 साली नोबेल मिळालं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे, मिरची खायची टाळली त्या कबुलीसकट. बायकोला त्या रात्री काय वाटलं याची नोंद नोबेल समितीने घेतलेली नाही.

ती मिरची म्हणजे पाप्रिका. आपल्या ढोबळीची चुलतबहीण. वनस्पतिशास्त्राच्या रेशनकार्डावर दोघींचं नाव एकच, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. आणि तेव्हापासून या घराण्यावरच्या संशोधनाने गुरूंचा कित्ता इमानाने गिरवला आहे. मिरची मोजायची, चिरायची, वाळवायची, तिचे आलेख काढायचे. खायची तेवढी नाही.

कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ढोबळी मिरचीवरचा एखादा पदव्युत्तर प्रबंध काढा. जाडजूड बांधणी, सोनेरी अक्षरं, आत मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, आईवडिलांचे आणि वसतिगृहातल्या मित्रांचे आभार. मग नऊ प्रक्रिया, तीन पुनरावृत्त्या. एकीत शेणखत, दुसरीत गांडूळखत, तिसरीत रासायनिक खताची पूर्ण मात्रा, चौथीत पाऊण, आणि पुढे या मंडळींची आपापसांत लावलेली लग्नं. झाडाची उंची 30 दिवसांनी, 60 दिवसांनी, 90 दिवसांनी. फांद्या किती. निम्म्या झाडांना फुलं कधी लागली. फळाची लांबी, घेर, वजन. गराची जाडी, तीही व्हर्नियर कॅलिपर लावून मिलिमीटरमध्ये. ठेवून दिलेलं फळ कितव्या दिवशी सुरकुतलं. आणि शेवटी नफा-खर्च गुणोत्तर, म्हणजे रुपया घातला तर किती परत आले.

कष्टांना नावं ठेवायची नाहीत. क जीवनसत्त्व मोजायची जुनी पद्धतच बघा. मिरचीचा रस आम्लात काढायचा आणि ब्युरेटमधून एक निळा रंग त्यात थेंबथेंब सोडायचा. जीवनसत्त्व शिल्लक असेतो रंग पडतो आणि विरतो. ते संपलं की पुढच्या थेंबाला द्रावण फिकं गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. तिथे हात थांबवायचा आणि आकडा टिपायचा. एक थेंब जास्त गेला की पुन्हा पहिल्यापासून. एम.एस्सी.ची पोरं-पोरी रात्री अकरा वाजता ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून त्या गुलाबी छटेची वाट बघत बसतात, तेव्हा कुठे तक्त्यात एक ओळ भरते.

या सगळ्यात जीभ कुठे आहे? असते, कधीकधी, शेवटच्या प्रकरणात, नऊ गुणांच्या पट्टीवर. एका टोकाला ‘अत्यंत आवडलं’, दुसऱ्या टोकाला ‘अत्यंत नावडलं’. ही पट्टी अमेरिकी लष्कराने शिपायांना शिधा कितपत रुचतो हे बघायला तयार केली. आपल्याकडे ती बरेचदा विभागातलेच पाच-सात जण भरतात, आणि मार्गदर्शक शेजारी उभे असले की मिरची आपोआप आवडू लागते.

बाकी जे जे मोजलं जातं, त्याला कुणी ना कुणी धनी आहे. वजन शेतकऱ्याचं, कारण पैसे वजनावर मिळतात. गराची जाडी ट्रकची, कारण पातळ मिरची खड्ड्यात पिचते. टिकाऊपणा व्यापाऱ्याचा. चकाकी मॉलची. खाणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते सुमारे 92 टक्के पाणी, आणि तेही मिरचीच्या भावाने.

मुळात हे फळ गोड कसं झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. 2005 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मिरचीला तिखट करणारं एक जनुक ढोबळीत मोडलेलं असतं. सुमारे अडीच हजार अक्षरांचा तुकडाच गळून गेलेला. त्यामुळे तिखटपणाचा कारखाना सुरूच होत नाही. गोडी कुणी आणून घातलेली नाही, तिखट गेल्यावर मूळची साखर जाणवू लागली इतकंच. मिरच्यांच्या तिखटपणाची जी स्कोव्हिल पट्टी आहे, तिच्यावर ढोबळीला बरोबर शून्य मिळतं. शून्य गुण घेऊन पंचतारांकित हॉटेलात नोकरी मिळवणारी मिरची एवढी हीच.

आता हिरवी आणि लाल. मॉलमध्ये थर्माकोलच्या ताटलीत, वर पारदर्शक कागद ताणून, तीन रंग मांडलेले असतात आणि खालची किमतीची पट्टी बघून गिऱ्हाइकाला वाटतं की लाल ही कुठली तरी उंची, परदेशी, वेगळी जात असावी. तसं काही नाही. हिरवी म्हणजे कच्ची, लाल म्हणजे पिकलेली. कैरीला आपण ‘हिरव्या रंगाचा आंबा’ म्हणत नाही आणि आंब्याला ‘परदेशी कैरी’ म्हणून चौपट पैसेही मोजत नाही. ढोबळीच्या बाबतीत मात्र अख्खा देश कैऱ्या खातो आहे आणि पिकलं फळ दिसलं की त्याला ‘एक्झॉटिक’ म्हणतो. पिवळीची गोष्ट किंचित वेगळी. तिच्यात लाल रंग बनवणारं जनुक नादुरुस्त असतं, म्हणून ती पिवळ्यावरच थांबते. तिखटात तिलाही शून्यच, भाव मात्र लालच्या बरोबरीचा.

बरं, आंब्यासारखी ही मिरची अढीत घालून पिकवता येत नाही. टोमॅटो, केळी, आंबा ही फळं तोडल्यावरही पिकत राहतात, ढोबळीला ती विद्या नाही. पूर्ण हिरवी असताना तोडली की ती हिरवीच म्हातारी होते. रंग हवा तर तो झाडावरच चढू द्यावा लागतो, आणि त्याला आणखी दोन-तीन आठवडे जातात. या दोन-तीन आठवड्यांत फुलकिडे येतात, कोळी येतो, भुरी येते, ऊन लागून फळाला पांढरा डाग पडतो, कॅल्शियम कमी पडलं तर बुडाशी काळा चट्टा येतो. झाडावर फळ लटकलेलं असल्यामुळे नवी फुलं धरत नाहीत ते वेगळंच. लालची जी जास्तीची किंमत आहे, ती या जोखमीची. ती शेतकऱ्याला मिळते की ताटलीवर कागद ताणणाऱ्याला, हे ज्याने कधी बाजार समितीची पट्टी हातात घेतली आहे त्याला विचारा.

आणि कच्चं खाऊन आपण काय घालवतो? 100 ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीत सुमारे 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. लालमध्ये 125च्या पुढे. संत्र्यात पन्नासच्या आसपास. आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे बिचाऱ्या हिरवीनेही काम भागतं. पण आपण ती चिरतो, तेलात टाकतो, वर झाकण ठेवतो, मग बेसन पेरतो, मग पुन्हा झाकण, मग ‘अजून जरा खमंग होऊ दे’. पीठ पेरलेली ढोबळी मिरची हा मराठी स्वयंपाकघराने जगाला दिलेला नजराणा आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. कढईच्या बुडाला लागलेल्या खरपुडीसाठी सख्खे भाऊ भांडलेले मी पाहिले आहेत. तेलामुळे लाल-पिवळी रंगद्रव्यं अंगी लागतात, हा पुरावाही माझ्या बाजूचा. पण क जीवनसत्त्व उष्णतेला टिकत नाही आणि पाण्यात विरघळतं, त्याला आपली खरपुडी मानवत नाही. मग हात धुऊन झाल्यावर आपण संत्र्याच्या चवीची गोळी चघळतो. सेंट-ज्यॉर्जींनी मिरची ताटातून उचलून बाटलीत नेली, आपण बाटली ताटाशेजारी आणून ठेवली आणि वर्तुळ पूर्ण केलं.

वासाचंही असंच. पावभाजीच्या तव्यावर बारीक चिरलेली ढोबळी पडली की चौकातल्या शेवटच्या माणसाचं डोकं वर होतं, तो वास. 1969 साली अमेरिकी कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनी इथल्या प्रयोगशाळेने तो पकडला. नाव फार लांबलचक आहे, पायराझिन घराण्यातलं आहे एवढं पुरे. एक लाख कोटी भाग पाण्यात तो दोन भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. लाख कोटी हा आकडा आपल्याला एरवी अर्थसंकल्पात भेटतो, आणि तिथे त्यातल्या दोनाचं काय झालं हे कुणाच्याच नाकाला कळत नाही. हेच रसायन काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षात असतं. ते वाइनमध्ये जास्त उतरलं की द्राक्ष कच्चं तोडलं म्हणून नाशिकपासून बोर्दोपर्यंतचे वाइनवाले कपाळाला हात लावतात. त्यांच्याकडे जो दोष, त्याच्यावर आपल्याकडे लोणी सोडून प्लेट विकली जाते. मिरची पिकत जाते तसा हा वास ओसरतो. लाल ढोबळी घालून केलेली पावभाजी म्हणूनच थोडी परक्या घरची लागते, हे पौष्टिकतेच्या पुरस्कर्त्यांनाही मान्य करावं लागेल.

जाता जाता, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्राध्यापकांचं संशोधन. बुडाशी चार उंचवटे असलेली ढोबळी मादी, ती गोड, कोशिंबिरीला घ्यावी. तीन उंचवट्यांची नर, ती शिजवायला. हा निरोप दर सहा महिन्यांनी ‘अग्रेषित’ होऊन येतो आणि भाजीवाल्याच्या टोपलीत मिरच्या उलट्या करून बघणारी माणसं तयार होतात. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. फळ हे फुलाच्या अंडाशयाचं, म्हणजे उपाधी लावायचीच असेल तर सगळ्यांनाच ‘सौ.’ लावा. उंचवटे किती हे वाणावर आणि फूल घडत असतानाच्या थंडी-उन्हावर ठरतं. कधी मिरची कापल्यावर पोटात आणखी एक छोटी, वाकडी, फिकट मिरची निघते. ती काही गर्भार नसते. आतल्या बिजांडाच्या जागी भलतीच वाढ होते, आणि हॉलंडच्या वाखेनिंगेन विद्यापीठात यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. चवीवर निधी मिळो न मिळो, आतल्या बाळावर मिळतो.

आता शेताकडे. 1928 सालचं ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे वाण अजून बियाणांच्या दुकानात मिळतं. 1973 साली बंगळुरूच्या एका कंपनीने ‘भारत’ नावाचा संकरित वाण आणला, इथल्या संकरित भाजीपाल्याची ती सुरुवात. पुढे दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस हे महाराष्ट्रातल्या होतकरू तरुणाचं अधिकृत स्वप्न झालं. मावळ, जुन्नर, नाशिक, सातारा, सांगली. अनुदानाची फाईल, बँकेचं प्रकरण, तळेगावचं प्रशिक्षण, गादीवाफे, ठिबक, वरून सोडलेल्या दोऱ्या, दोरीला गुंडाळलेल्या फांद्या. हॉलंडमध्ये काचघर बांधतात ते थंडी बाहेर ठेवायला. आपण प्लॅस्टिकचं घर बांधतो आणि एप्रिलमध्ये उन्हाळा आत कोंडतो. ढोबळीला रात्री सोळा ते वीस अंश मानवतात. दिवस पस्तिशी ओलांडू लागला की ती फुलं गाळते. आमच्याकडे मे महिन्यात माणसं गळतात, तिथे फुलांचं काय घेऊन बसलात. तरीही योजना सगळ्या जिल्ह्यांना सारखी, कारण हवामान जिल्ह्यागणिक बदलतं, जी.आर. बदलत नाही.

जगाच्या पाठीवर या मिरचीचे लाड केवढे! इस्रायलच्या व्होल्कानी केंद्रात रंगीत शेडनेटखाली ढोबळी वाढवून बघितली. मोतिया रंगाच्या जाळीखालची मिरची साठवणुकीत कमी सडली. त्याच केंद्रातल्या संशोधकांनी मिरचीला 55 अंशांच्या पाण्याची साधारण 12 सेकंदांची ब्रश फिरवत अंघोळ घातली, तर ती जास्त टिकली. आपल्याकडे ओल्या फडक्याने पुसतात. फडक्याचा रंग आणि तपमान यांची नोंद नाही. साठवायची तर सात-आठ अंशांवर. त्याखाली या उष्ण मुलखातल्या फळाला थंडी बाधते, अंगावर बारीक खळगे पडतात, देठ तपकिरी होतो. घरचा फ्रिज चार अंशांवर असतो. आठवड्याची भाजी रविवारी भरून आपण शनिवारी खळग्यांना दोष देतो.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते ‘अर्का बसंत’चं. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिने निवड पद्धतीने ढोबळीचे तीन वाण काढले, अर्का मोहिनी, अर्का गौरव आणि अर्का बसंत. यातला बसंत ज्या मूळ वाणातून निवडला, त्याचं नाव सोरोक्शारी. सोरोक्शार हा बुडापेस्टचा एक भाग. म्हणजे ज्या देशात नोबेलवाली मिरची ताटात नाकारली गेली, त्याच देशाची पोर आपल्याकडे आली. निमुळती, दोन-तीन उंचवट्यांची, लोण्याच्या रंगाची, पिकल्यावर नारिंगी-लाल. मंडळी बघायला आली आणि मुलाच्या मावशीने विचारलं, ‘हिला चार खण का नाहीत?’ बाजाराला हवी चौकोनी, गर्द हिरवी, चार उंचवट्यांची, हातात धरल्यावर दगड वाटावी अशी. शंभर ग्रॅमच्या आतल्या वजनाची, फिकट रंगाची मिरची मंडईत ‘आजारी आहे का?’ या प्रश्नालाच उत्तर देत बसते. संस्थेने वाण दिला, पुस्तिकेत त्याचं वर्णन छापलं. पुढे काय करायचं ते मावशी ठरवणार.

ही मावशी म्हणजे तुम्ही-आम्ही. प्रयोगशाळेला शिव्या देणं सोपं आहे, पण ज्याची विचारणा होते तेच प्रयोगशाळा मोजते. याचा रोकडा पुरावा स्पेनमध्ये आहे.

दक्षिण स्पेनच्या अल्मेरिया भागात सुमारे 30,000 हेक्टरवर प्लॅस्टिकचं छप्पर आहे. अवकाशातून तो पट्टा पांढरा दिसतो. युरोप हिवाळ्यात जी ढोबळी खातो तिचा मोठा वाटा इथला. 2006च्या अखेरीस जर्मनीतल्या तपासणीत या मिरच्यांत आयसोफेन्फॉस-मिथाइल नावाचं कीटकनाशक सापडलं. ते वापरायला परवानगीच नव्हती. जर्मन दुकानदारांनी माल नाकारला. आता गंमत बघा. फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारा स्वर्स्की नावाचा एक कोळी आणि ओरियस नावाचा एक ढेकूण, हे दोन्ही मित्रकीटक तोवर संशोधकांनी सिद्ध करून ठेवले होते. स्वर्स्की तर मिरचीच्या फुलातल्या परागावरही गुजराण करतो, म्हणजे शिकार नसली तरी मुक्काम हलवत नाही. सगळं ज्ञान तयार होतं, छापून झालं होतं, परिषदांमध्ये त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. बागायतदार मात्र पंपच मारत होते, कारण पंपाची सवय होती आणि कुणी विचारत नव्हतं. जर्मन बाईने मिरची परत ठेवली आणि दोन हंगामांत अल्मेरियातली बहुतेक सगळी ढोबळी मित्रकीटकांवर आली. जे परिषदांना जमलं नाही, ते स्टुटगार्टच्या बाजारहाटाने केलं.

आपल्याला हे ठाऊक नाही असंही नाही. 2003 साली आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश निघाले म्हणून युरोपने डोळे वटारले. मग शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट उभं केलं, पुण्याजवळच्या मांजरीतल्या द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आली, निर्यातीच्या बागेची नोंद, नमुना, तपासणी, दाखला. 2010 साली पुन्हा एका रसायनावरून कंटेनर अडकले, पुन्हा नियम घट्ट झाले. आज नाशिक-सांगलीचा बागायतदार औषधांच्या अंशांची मर्यादा दशांश चिन्हासकट सांगतो. रॉटरडॅमच्या आजीबाईंच्या पोटाची काळजी घेणारी एवढी चोख यंत्रणा आपण उभी केली, याचा अभिमान वाटतो. फक्त त्याच बागायतदाराच्या बांधाला लागून ढोबळीचा प्लॉट असतो, आणि तिचे क्रेट रात्रीच्या टेम्पोने वाशीला किंवा मार्केट यार्डात जातात. तिथे तिचा नमुना घेणारं कुणी नसतं, कारण ती आपण खाणार असतो.

अगदीच काही होत नाही असं म्हटलं तर सरकार रागावेल. 2005-06 पासून केंद्राची एक योजना देशभरातल्या बाजारांतून भाज्यांचे नमुने उचलते, प्रयोगशाळा तपासतात, अहवाल निघतो. अहवाल येईतो ती मिरची पिझ्झ्यावरून पोटात आणि पोटातून इतिहासात गेलेली असते.

शेतकऱ्यावर बोट रोखायच्या आधी तोड्याचं गणित समजून घ्या. हंगामात ढोबळीचा तोडा चार-सहा दिवसांनी येतो. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारणीनंतर इतके दिवस फळ तोडू नये. ते दिवस तोड्यापेक्षा जास्त निघाले तर करायचं काय? फळ ठेवलं तर मोठं होऊन वजनाबाहेर जातं. नाही फवारलं तर फुलकिडे पानं चुरडून टाकतात, आणि बोकड्या पडलेल्या झाडाला अनुदान नाही. डब्यावर एक त्रिकोणही असतो, विषारीपणा सांगणारा. सर्वांत जहाल तो लाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मॉलमधल्या ताटलीत बरोबर हेच रंग मांडलेले दिसतात. निळ्याचं तेवढं कुणीतरी मनावर घ्या.

राहता राहिला सेंद्रियचा प्रश्न, कारण आता हात वर होतील. पोलंडमधल्या एका अभ्यासात सेंद्रिय ढोबळीत क जीवनसत्त्व आणि रंगद्रव्यं जास्त निघाली. कॅलिफोर्नियातल्या तीन वर्षांच्या तुलनेत टोमॅटोत फरक दिसला, ढोबळीत म्हणावा असा दिसला नाही. फळ उन्हात होतं की सावलीत, नत्र किती पडलं, कितपत पिकल्यावर तोडलं, यांनी आकडे इकडचे तिकडे होतात. नत्र जास्त झालं की फळ फुगतं आणि जीवनसत्त्व पातळ होतं, हे बऱ्याच पिकांत दिसलेलं आहे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली अमेरिकेतल्या 43 भाज्या-फळांचे 1950 आणि 1999चे आकडे समोरासमोर ठेवले. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, क जीवनसत्त्व, अशा सहा घटकांत घट दिसली, आणि संशय आला तो उत्पादन वाढवण्यासाठी निवडलेल्या वाणांवर. आम्ही वजन मागितलं, त्यांनी वजन दिलं. तक्रार कुठे नोंदवायची?

परवा हा सगळा अभ्यास डोक्यात घेऊन मंडईत गेलो. लाल ढोबळी होती, गोल, तुकतुकीत, देठासकट. प्रत्येकीवर एक छोटा हिरवा स्टिकर, त्यावर पान आणि ‘प्रीमियम’. विक्रेत्याला विचारलं, “दादा, ही तपासलेली असते का? औषधाचं वगैरे?”

“एकदम क्वालिटी माल आहे काका. स्टिकर आहे की.”

“या दोघींवर नाही.”

त्याने गल्ल्याखालचा खण उघडला, स्टिकरचं रीळ काढलं आणि दोघींनाही लावून दिले. वर विचारलं, “अजून कशाला लावू? कोथिंबिरीला?”